रेस वाढते, गाडी ओढत नाही

यंत्राची बहुतेक दुखणी त्याचा आवाज खाली आणतात. पेट्रोलमध्ये कचरा आला की इंजिन अडखळतं, रिंगा झिजल्या की दमतं, ब्रेक चिकटून बसला की कण्हत चालतं. घसरणीचं दुखणं उलटं आहे. क्लच किंवा बेल्ट घसरू लागला की इंजिन मोकळं होतं, मूठ पिळली की आवाज चढतो, आणि गाडी आहे तिथंच रेंगाळते. नुसतं ऐकणाऱ्याला वाटावं, इंजिनाला नवा जोम आलाय. ताकद तयार होते आहे, पण चाकापर्यंत पोचत नाही. मधे कुठंतरी दोन पृष्ठभागांनी एकमेकांना धरून राहायचं होतं आणि तिथली पकड सुटली आहे.

ती नेमकी कुठं सुटली, हे गाडी उघडण्याआधी सांगणारी माणसं मी नवी मुंबईतल्या नेरूळमध्ये आमच्या आसपास अनेक वर्षं पाहत आलो आहे. त्यांच्या या विद्येबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ती पुस्तकात फारशी सापडत नाही, शिकवली जाते ती बहुधा पाना हातात देताना एखाद्या वाक्यात, आणि म्हणून ती नीट लिहून ठेवावी असं वाटतं.

नवी मुंबई वसवायला १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पूल झाला, आणि खाडीच्या या अंगाला सेक्टरासेक्टरांचं शहर उभं राहत गेलं. रस्ते रुंद, स्टेशन आणि घर यांत चालायला जास्त आणि रिक्षाला कमी वाटेल असं अंतर. अशा गावात स्कूटर घरटी असणारच. इमारतींच्या तळमजल्यावर गाळे, त्यातल्या एखाद्या गाळ्यात गॅरेज, दाराशी लोंबणाऱ्या जुन्या ट्यूबा, फूटपाथवर स्टँडवर चढवलेल्या चार गाड्या आणि बाजूला ऑईलने काळी पडलेली फरशी. माणूस तिथं गाडी ढकलत आणतो आणि निदानही स्वतःच सांगून टाकतो, की "इंजिन गेलं बहुतेक." त्यावर गॅरेजवाला काय विचारतो ते ऐकण्यासारखं असतं.

"काका, आवाज वाढतो का?"

"वाढतो ना. भरपूर वाढतो."

"आणि स्पीड?"

"तोच तर वाढत नाही."

"मग इंजिन सोडा. इंजिनाला काय नाय झालं."

एवढ्या दोन प्रश्नांत निम्मं काम झालेलं असतं. इंजिन अशक्त असेल तर आवाजही चढणार नाही आणि वेगही नाही. ब्रेक धरून बसला असेल तरी तेच, शिवाय चाकाच्या ड्रमला हात लावला की चटका बसतो. आवाज चढतो आणि वेग चढत नाही, ही जोडी मात्र घसरणीचीच. आपल्या बहुतेक स्कूटरांना इंजिनाचे फेरे दाखवणारा काटाच नसतो, म्हणून तो काटा कानात असावा लागतो. या दोन प्रश्नांपर्यंत न जाता थेट प्लग, कार्ब्युरेटर, पिस्टन असा खर्च करत गेलेली माणसं मला माहीत आहेत. इंजिन ठणठणीत असताना त्याचीच दुरुस्ती होत राहावी, हा घसरणीचा सगळ्यात मोठा चकवा आहे.

मग पुढचा प्रश्न येतो. "निघतानाच होतं, का पळताना?"

हा प्रश्न कळायला बिनगिअरच्या स्कूटरच्या पोटात डोकवावं लागतं. आपल्याकडे १९७२ मध्ये फिरोदियांची लुना आली, तिला क्लचची मूठ नव्हती. इंजिनाचा वेग वाढला की क्लच आपोआप लागायचा. ऐंशीच्या दशकात किनेटिक होंडाने गिअरही हातातून काढून घेतले, आणि २००१ पासून अ‍ॅक्टिव्हाने ही चाल घरोघर नेली. डाव्या बाजूच्या झाकणाखाली दोन पुली असतात. पुढची इंजिनाच्या दांड्यावर, मागची चाकाकडे, आणि दोघींना जोडणारा एक जाड रबरी बेल्ट. पुढच्या पुलीत गोल वजनं असतात, त्यांना रोलर म्हणतात. वेग वाढला की रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत तो तेवढाच आत उतरतो. गिअर न बदलता गिअर बदलत राहतो. हॉलंडच्या हुब व्हान डोर्ने यांनी १९५८ मध्ये डाफ कंपनीच्या मोटारीत हीच कल्पना रबरी बेल्टांवर चालवून दाखवली होती. मागच्या पुलीला लागून क्लच शू असतात, ते फिरण्याच्या जोराने फाकून एका वाटीला आतून घट्ट धरतात आणि चाक फिरू लागतं.

आता तो प्रश्न पुन्हा ऐकावा. सिग्नलवरून निघतानाच इंजिन ओरडतं आणि गाडी उशिरा उचलते, तर शू झिजलेत किंवा वाटीचा आतला भाग गुळगुळीत झालाय. निघताना गाडी थरथरते, तर शूवर चकाकी चढली आहे. निघताना ठीक, पण पाम बीच रोडला लागल्यावर पूर्वीचा वेग येत नाही आणि आवाज मात्र वरचा, तर बेल्ट रुंदीने घटलाय, किंवा रोलर एका बाजूने चपटे झालेत आणि पूर्ण बाहेर सरकत नाहीत. इंजिन चालू, मूठ पूर्ण पिळलेली, आणि चाकाला काहीच कळत नाही, तर बेल्ट तुटला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सीवूड्सच्या भुयारी रस्त्यातून पाण्यातून गाडी काढली आणि पुढं शंभर पावलं ती नुसतीच घोंगावत राहिली, तर बेल्टच्या घरात पाणी शिरलंय. ते काढलं, बेल्ट वाळला, की गाडी पूर्वपदावर येते. त्या दिवशी गिऱ्हाइकाला नवा बेल्ट विकणं फार सोपं असतं. आमच्या गल्लीतला मिस्त्री झाकणाखालचा छोटा बोळा उघडून पाणी सोडतो आणि म्हणतो, "ताई, एक चक्कर मारून या." ताई हसत परत येतात. त्याचे पैसे बुडतात आणि माझ्या मते त्याची खरी कमाई होते.

गिअरच्या मोटरसायकलला आणि रिक्षाला क्लच वेगळा. तिथं इंजिनाच्या ऑईलमध्येच बुडालेल्या प्लेटांची चळत असते, एक घासणारी, एक लोखंडी, अशा एकाआड एक, आणि स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. आपण मूठ दाबतो तेव्हा तो दाब कमी होतो. इथं निदानाचा क्रम मला फार आवडतो, कारण तो बाहेरून आत आणि स्वस्तातून महागाकडे जातो. आधी क्लच वायर. मुठीला एक-दोन सेंटीमीटर मोकळी चाल असलीच पाहिजे. प्लेटा झिजत जातात तशी ही चाल आपोआप कमी होते, आणि एक दिवस अशी वेळ येते की आपण मुठीला हातही लावलेला नसतो आणि क्लच थोडा दाबलेलाच असतो. मग तो घसरतो, घसरल्याने आणखी झिजतो, आणि झिजल्याने आणखी घसरतो. वेळीच नट फिरवून चाल दिली असती तर प्लेटा आणखी बराच काळ चालल्या असत्या.

खाडीकाठच्या गावांत या वायरची आणखी एक गोष्ट आहे. हवेतलं मीठ आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी वायर कवचाच्या आत गंजते, दाबली तर येते पण सोडली तर पूर्ण परत जात नाही. हे ओळखायची युक्ती एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याने मला दाखवली होती. गाडी स्टँडवर चालू ठेवायची आणि हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण वळवायचं. वळवल्यावर मुठीची चाल बदलली, तर दोष वायरचा किंवा ती चुकीच्या वाटेने ओढल्याचा. प्लेटांना हँडल कुठं वळलंय हे कळण्याचा प्रश्नच नाही. हात न काळे करता, एक बोल्ट न सोडता केलेली ही परीक्षा आहे.

वायर बरी निघाली तर ऑईल. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्या ऑईलमध्ये बुडालेला असतो हे अनेकांना माहीत नसतं. मोटारीसाठी बनवलेल्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, इंधन वाचावं म्हणून. तेच महागाचं ऑईल प्रेमाने दुचाकीत ओतलं की इंजिन खूश आणि प्लेटा निसटत्या. जपानी मानकांनी म्हणून डब्यावरच भेद करून ठेवला आहे. जासो एमए लिहिलेलं ऑईल ओल्या क्लचसाठी, जासो एमबी लिहिलेलं स्कूटरसाठी, जिचा क्लच कोरडा असतो. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचणारा मिस्त्री दिसला की माझा त्याच्यावर लगेच विश्वास बसतो. "मागच्या वेळी ऑईल कुठं बदललं?" हा त्याचा प्रश्न चौकशीचा वाटतो, पण निदान तिथंच चाललेलं असतं.

हे सगळं झाल्यावर मग प्लेटांवर संशय घ्यायचा.

इथं थोडं थांबून घसरण हा दोषच आहे का, याचा विचार करायला हवा. मला तसं वाटत नाही. क्लच बनवलाच आहे घसरण्यासाठी. इंजिन थांबून राहू शकत नाही, गाडी थांबलेली आहे, आणि या दोघांना एकदम बांधलं तर एक तर गाडी उडी मारेल किंवा इंजिन बंद पडेल. मधला क्षण घसरण सांभाळते. प्लेट आधी नुसती टेकते, मग घासते, मग धरते. इंजिनाचा वेग आणि प्लेटची ओढ एकसारखी ठेवली, तर हिशेब असा येतो की निघताना गाडीला जेवढी गतीची ऊर्जा मिळते, तेवढीच ऊर्जा प्लेटवर उष्णता होऊन जाते. निम्मं गाडीला, निम्मं तापण्याला. प्रत्येक सिग्नलवर, प्रत्येक निघण्याला हे मोल आहे, आणि जगातल्या उत्तमातल्या उत्तम चालकालाही ते चुकत नाही. त्याच्या हातात एवढंच असतं की घसरण लवकर संपवायची. दुखणं सुरू होतं ते संपायला हवी होती तेव्हा ती संपत नाही म्हणून.

कळंबोलीच्या लोखंड बाजाराभोवती उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगेतून फिरलं की हे मोल नाकाला कळतं. तिथून पुणे हाकेच्या अंतरावर वाटतं, पण मधे बोरघाट आहे. भरलेला ट्रक चढावर थांबला आणि पुन्हा उचलायचा झाला, की त्या निम्म्याच्या हिशेबात चढाचं ओझंही येऊन पडतं. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारा नवखा चालक आणि गिअर उतरवून, एका दमात क्लच सोडून निघणारा जुना चालक, यांच्या प्लेटांच्या आयुष्यात मोठी तफावत पडते. जुन्या रस्त्याने जाणारे चालक खंडाळ्याच्या चढावर शिंग्रोबाच्या देवळाशी हात जोडतात. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या त्या धनगराची लोककथा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि चढावर ओझं घेऊन जाणाऱ्या माणसाने वाट माहीत असणाऱ्यापुढं थांबावं हे मला योग्यच वाटतं.

ट्रकच्या क्लचचं निदान करणारे मिस्त्री नाकाने काम करतात असं म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे. जळक्या अस्तराचा कडवट वास एकदा डोक्यात बसला की विसरत नाही. पण त्याहून सुंदर परीक्षा खालून होते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचाला तळाशी एक छोटं भोक असतं. तिथून थेंब पडत असेल तर तो बोटावर घ्यायचा. काळा आणि पातळ, तर इंजिनाचं ऑईल, म्हणजे क्रँकच्या मागचं सील गेलं. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास, तर गिअरचं ऑईल, म्हणजे गिअरबॉक्सच्या तोंडाचं सील गेलं. दोन्हीकडून प्लेटवर तेल येतं आणि प्लेट घसरते. हे न पाहता नुसती नवी प्लेट घातली तर तीही थोड्या दिवसांत तेलाने भिजते, आणि मालक म्हणतो कंपनीचा माल खराब. एका थेंबाने सांगितलेली गोष्ट गिअरबॉक्स उतरवूनही पुष्कळांना ऐकू आलेली नसते.

मोटारीत क्लच धरतो का याची परीक्षा साधी आहे. सपाटीवर, पुढं मोकळी जागा ठेवून, हँडब्रेक ओढायचा, वरचा गिअर टाकायचा, आणि थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच चांगला. इंजिन बंद न पडता फिरत राहिलं तर प्लेट संपत आली. ही परीक्षा वारंवार करायची नसते, कारण ती स्वतःच प्लेट जाळते. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी गाड्या आल्या, त्यांच्याबद्दल इथं सांगायलाच हवं. त्यांना क्लचचं पेडल नसतं, पण आत क्लच तोच असतो, साधी कोरडी प्लेट. फक्त पायाऐवजी ती एक यंत्र दाबतं. बेलापूरच्या पारसिक टेकडीच्या चढावर पुढची गाडी सरकायची वाट पाहत अनेकजण ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी तोलतात, कारण पेडल नाही म्हणजे क्लच नाही असं त्यांना वाटतं. त्या अर्ध्या मिनिटात प्लेट न थांबता घासत असते. गाडी विकणाऱ्यांनी हे वाक्य गिऱ्हाइकाला चावीबरोबर द्यायला हवं.

बेल्टची पकड मला क्लचपेक्षाही नवलाची वाटते, कारण तिच्यामागचं गणित डोळ्यांसमोर असतं. बेलापूरजवळ दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर एकटा माणूस मोठी होडी नुसत्या दोराने धरून ठेवतो. दोर खुंटाला दोन-तीन वेढे घातलेला असतो, आणि मोकळं टोक त्याच्या हातात. अठराव्या शतकात ऑयलरने या वेढ्यांचा नियम मांडला. वेढे वाढवले की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणाचा अंक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्याला ओढ अडीच पटीने तोलता येते. तीन पूर्ण वेढ्यांना पावणेतीनशे पटींहून जास्त. कोळ्याच्या हाताला ही संख्या माहीत नसेल, पण कितवा वेढा सोडला की होडी सुटेल हे माहीत असतं.

पुलीवर बेल्ट जेमतेम अर्धा वेढा घेतो, म्हणजे अडीच पट. म्हणून जुन्या सपाट पट्ट्यांना भरपूर ताण लागायचा. गावाकडच्या पिठाच्या गिरणीत ऑईल इंजिनावरून जात्याकडे येणारा तो लांब पट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याच्या जोडावरच्या पत्र्याच्या क्लिपांचा पुलीवरचा टक-टक आवाज आठवत असेल. गिरणीवाला पलीकडे बसून कुणाशी तरी बोलत असायचा, आणि भरड दळण पडलं की टक-टक मंदावायची, पण इंजिनाची पुकपुक तशीच राहायची. तो बोलता बोलता उठायचा आणि पट्ट्याला राळ लावायचा. आवाज चढतो का, आणि स्पीड? हाच प्रश्न तो दोन आवाजांच्या फरकातून ऐकत होता.

१९१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या गेट्स कारखान्यात जॉन गेट्स यांनी रबराचा तिरप्या अंगांचा व्ही-बेल्ट केला, आणि गणित बदललं. तिरप्या खाचेत बेल्ट पाचरीसारखा बसतो, त्याच्या दोन्ही कडांवर दाब येतो, आणि अडतीस अंशांच्या खाचेत घर्षण जणू तिप्पट होतं. तिप्पट घर्षण त्या गुणाकारात घातलं की अडीचचे जवळजवळ अठरा होतात. आता यातली खुबी पाहा. बेल्ट झिजून अरुंद झाला की तो खाचेत खाली बसत जातो, आणि ज्या दिवशी त्याचा तळ पुलीच्या तळाला टेकतो त्या दिवशी पाचर संपते. कडांचा दाब जातो, बेल्ट सपाट पट्ट्यासारखा होतो, अठराचे पुन्हा अडीच होतात. मग कितीही ताणा, तो घसरणारच, आणि जास्त ताणाने बेअरिंगही जाईल. म्हणून जाणता माणूस बेल्टकडे नंतर आणि पुलीच्या खाचेच्या तळाकडे आधी पाहतो. तळ मळका असेल तर ठीक. तळ घासून चकाकत असेल तर बेल्ट तळाला टेकतोय.

मोटारीचा फॅन बेल्ट पहिल्या पावसात सकाळी सुरू करताच किंचाळतो, तेव्हा करायची एक परीक्षा कारखान्यातले फिटर जाणतात आणि गल्लीतलेही आता करू लागले आहेत. बाटलीतून फिरत्या बेल्टवर थोडं पाणी मारायचं, हात आणि कपडे लांब ठेवून. पाण्याने आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा आला, तर पुली एका रेषेत नाहीत. पाण्याने आवाज आणखी वाढला, तर ताण कमी आहे, बेल्ट घसरतोय. तुटक तुटक चिवचिव म्हणजे रेषा चुकली, सलग किंकाळी म्हणजे पकड सुटली, असाही एक ठोकताळा आहे, पण पाण्याची परीक्षा त्याहून भरवशाची. अशा वेळी बेल्टला वंगणाचा फवारा मारून आवाज बंद करणाऱ्यांचा मला राग येतो. आवाज हीच यंत्राची तक्रार होती. ती दाबून टाकली आणि बेल्ट आणखी निसरडा केला.

गवत कापायच्या मशीनकडे आपलं लक्ष सहसा जात नाही, आणि या शहरात तर ती कितीतरी आहेत. सिडकोचं खारघरच्या डोंगराखालचं गोल्फ कोर्स, तिथलाच सेंट्रल पार्क, पालिकेची सेक्टरासेक्टरांतली उद्यानं, आणि नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. २ नोव्हेंबर २०२५ ला त्या मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला. सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला होता. आम्ही सगळे धावफलक पाहत होतो. मला मात्र मधूनच ती हिरवळ कापणाऱ्या माणसांची आठवण होत होती, कारण कोकणच्या पावसाळ्यानंतरचं ओलं, दाट गवत हे या यंत्रांचं सर्वांत कठीण काम असतं. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथं गवत कापलं की मागं वाढतं.

या मशीनमध्ये घसरण दोन जागी होऊ शकते आणि तिथं गोंधळ होतो. इंजिनावरून एक बेल्ट पात्यांना फिरवतो, आणि एक चाकांकडे ताकद नेतो. पात्यांचा बेल्ट घसरला की मशीन चालत राहतं, आवाजही ठीक असतो, फक्त पाती मंदावतात. मग गवत कापलं जात नाही, फाटतं. दुसऱ्या दिवशी त्याची टोकं तपकिरी पडतात. बोथट पात्यानेही असंच होतं, म्हणून पात्याची धार आधी पाहायची. ती चांगली असेल तर बेल्टच्या झाकणाखाली बघायचं. तिथं ओल्या गवताचा लगदा साचलेला असतो, ताण देणाऱ्या चाकाची स्प्रिंग गंजून सैल झालेली असते, किंवा त्या चाकाचं बेअरिंग अडकून बेल्ट त्यावरून फिरण्याऐवजी घासत असतो. बसून चालवायच्या मोठ्या मशीनमध्ये चाकांना गिअरऐवजी तेलाच्या दाबाने फिरवतात. तिथली घसरण आत असते, दिसत नाही, पण तिला घड्याळ असतं. सकाळी तेल थंड आणि घट्ट, मशीन चढावर सहज चढतं. तासाभराने तेल तापून पातळ होतं, झिजलेल्या पंपाच्या आतल्या फटींतून ते निसटू लागतं, आणि तोच चढ मशीनला जड जातो. बेल्ट असा वागत नाही. बेल्ट ओल्यात आणि ओझ्याखाली घसरतो, घड्याळ पाहून नाही. म्हणून माळ्याला विचारायचा प्रश्न असा की "सकाळी ओढतं का?" तो "हो" म्हणाला, तर बेल्ट बदलून काही होणार नाही. आणि एक गोष्ट त्याहूनही आधी पाहायची. मशीन बंद असताना ढकलता यावं म्हणून तेलाचा मार्ग मोकळा करणारा एक दांडा असतो. तो कुणीतरी अर्धवट उघडा ठेवला असेल तर अख्खं मशीन निकामी वाटतं.

मला खेद याचा वाटतो की या प्रश्नांना बाजारात किंमत नाही. बिलात बेल्ट लिहिता येतो, प्लेट लिहिता येते, मजुरी लिहिता येते. "वायरची चाल दिली, गाडी बरी झाली" याचे कुणी किती देणार? म्हणून बदलणं वाढत जातं आणि शोधणं मागं पडतं. मिस्त्रीने निदान करून काहीच बदललं नाही तर त्याला बदलल्याएवढेच पैसे द्यावेत, असं माझं ठाम मत आहे आणि मी तसं वागतो. सुरुवातीला ते संकोचतात. "साहेब, काही टाकलंच नाही, पैसे कसले?" मी म्हणतो, की टाकलं नाही याचेच. त्यांना कळतं मी काय म्हणतोय ते.

आता विजेच्या स्कूटर आल्या. त्यांना क्लच नाही, आणि बऱ्याच गाड्यांत मोटरपासून चाकापर्यंत दात्यांचा बेल्ट जातो. दाते असल्याने तो घसरत नाही. ताण कमी झाला तर दाता उडी मारतो, टक्कन आवाज येतो. त्याचा ताण मोजायची एक पद्धत कारखान्यांतून वापरात आहे आणि आता फोनच्या अ‍ॅपमध्येही आली आहे. बेल्टला टिचकी मारायची, तो जो सूर देतो त्याची कंपनं यंत्र मोजतं. तंबोऱ्याच्या तारेचाच नियम, सूर एक सप्तक वर न्यायचा तर ताण चौपट करावा लागतो. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे काम शिकणाऱ्या पोराने हे अ‍ॅप फोनमध्ये घेतलंय. तो आधी अंगठ्याने बेल्टला टिचकी मारतो, कान लावतो, "ढिला आहे" म्हणतो, आणि मग फोन पुढं धरतो.

"फोनच आधी लाव की," मी म्हटलं.

"नाय काका. आधी मी सांगतो, मग फोन सांगतो. दोघांचं जमलं पाहिजे ना."